गिटार घरची, घाई कुणाची?

"आई, तुझा मसाल्याचा जुना डबा देतेस का?"

चिरंजीव स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. माझे हात कणकेत. मी विचारलं, "कशाला रे?"

"गिटारीचे स्क्रू ठेवायला. सात वाट्या आहेत ना, प्रत्येकीत वेगळे ठेवीन. या वेळी काही चुकायला नको."

मैत्रिणींनो, "या वेळी" हे दोन शब्द ऐकले आणि माझ्या घशात आवंढा आला. कारण आधीच्या वेळी जे चुकलं, त्यात मोठा वाटा माझा होता. ती चूक कशी झाली आणि कशी निस्तरली, ते सांगायलाच आज लिहायला बसले आहे. तुम्ही म्हणाल, "गिटारीचा आणि आमचा काय संबंध?" अहो, मलाही असंच वाटत होतं! पण हल्लीची मुलं मोबाइलवर बघून काय काय करायला घेतील याचा नेम नाही. लाकूड, रंग, तारा, सगळा पसारा आपल्याच गच्चीवर मांडला जातो, आणि "झालं का रे तुझं?" असं दहा वेळा विचारणाऱ्याही आपणच असतो. म्हणून हे आपल्याला ठाऊक असलेलं बरं.

पलंगाची फळी

आमच्या सासूबाई आषाढात गेल्या. त्यांचा सागवानी पलंग त्यांच्या माहेरून आलेला, चांगला दणकट. पण आमच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये तो ठेवणार कुठे? सहा महिने तो जिन्याखाली उभा होता. शेवटी भंगारवाल्याला बोलावलं, तर चिरंजीव आडवे आले. "आजीच्या उशाकडच्या फळ्या मला द्या. मी त्यांची गिटार करणार." आजीचा भारी लळा होता त्याला. दुपारभर तो त्याच पलंगावर लोळून तिच्याकडून अभंग ऐकायचा.

ही विजेवर वाजणारी गिटार. साध्या गिटारीसारखं तिचं पोट पोकळ नसतं, सबंध लाकूड भरीव असतं. तारांच्या खाली पिकअप नावाची डबी बसवतात. तिच्यात लोहचुंबक असतं आणि त्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची पोलादी तार थरथरली, की त्या वेढ्यांत अगदी क्षीण वीज निर्माण होते. तीच पुढे वायरीतून अ‍ॅम्प्लिफायरमध्ये जाऊन मोठ्या आवाजात ऐकू येते. म्हणजे आकार देणं सुताराच्या हातचं, जोडणी वायरमनच्या हातची आणि स्वर कानाचा, अशी ही तीन हातांची वस्तू.

सुतारानं दोन फळ्या एकमेकींवर चिकटवून पावणेदोन इंच जाडी साधून दिली. चिरंजिवांनी तिला आकार दिला. मान, म्हणजे बोटं फिरवायची लांब पट्टी, तयार मागवली. त्याबरोबर तारा पिळायच्या चाव्या, पिकअप, आवाज कमी-जास्त करायची बटणं, आणि सतारीला असते तशी तारा टेकवायची घोडी आली. गिटारवाले तिला ब्रिज म्हणतात. आता उरलं होतं पॉलिश आणि जोडणी. आणि इथेच मी मधे तोंड घातलं.

ती एक रात्र

वर्षश्राद्ध जवळ आलं होतं. मी म्हटलं, "संध्याकाळी सगळे जमतील, तेव्हा आजीच्या आवडीचा अभंग वाजव." हेसुद्धा खूश झाले. चिरंजीव म्हणाले, "आई, लॅकर वाळायला वेळ लागतो गं." पण मी कसली ऐकते! गुरुवारी शेवटचा हात दिला, बाहेर पावसाची रिपरिप. शनिवारी मी फळीवरून बोट फिरवलं आणि सांगून टाकलं, "चिकटत नाहीये. वाळलं! लाव आता सगळं."

झालं. शनिवारी रात्री बारापर्यंत बापलेक बसले. पॉलिश झालेल्या फळीवरच घोडीची जागा अंदाजानं ठरवली आणि ड्रिल चालवलं. पहिल्याच भोकाला लॅकरचा टवका उडाला. ड्रिल जरा घसरलं, म्हणून घोडी तिरकी बसली. लगबगीत एक तार आत सोडायची राहून गेली, हे तर आम्हाला नंतर कळलं.

रविवारी संध्याकाळी पाहुण्यांसमोर त्यानं गिटार हातात घेतली. आधी तर घुंईऽऽ असा आवाज, जसा काही मिक्सर शेजारच्या खोलीत चालू आहे. अभंगाचा पहिला चरण कसाबसा झाला, आणि वरच्या पट्टीत जाताना बारीक तार मानेच्या कडेवरून खाली घसरली. पुन्हा घेतला, पुन्हा घसरली. स्वरही वर जाईल तसा बेसूर होत चालला. पाहुण्यांनी भलेपणानं टाळ्या वाजवल्या. पण यांच्या तोंडून निघून गेलं, "त्यापेक्षा पलंग होता तोच बरा होता."

मुलानं गिटार कपाटावर टाकली ती टाकलीच. पंधरा दिवस बापलेकांत "जेवायला वाढलंय" यापलीकडे संभाषण नाही. एके दिवशी केर काढताना मी गिटार खाली घेतली, तर घोडीची लोखंडी पट्टी लॅकरमध्ये रुतून बसलेली, भोवती सुरकुत्या. जिथे जुन्या चादरीत गुंडाळली होती तिथे चादरीची वीण उमटलेली. दुसऱ्या फळ्या आणू म्हटलं तर आणणार कुठून? आजीचा पलंग एकच होता.

मी यांना म्हटलं, "चूक त्याची नव्हती. घाई माझी होती." हे काही बोलले नाहीत. पण पुढच्या रविवारी उठले, गिटार पिशवीत घातली आणि मिरजेला निघाले.

मिरजेचा सल्ला

आम्ही सांगलीचे. मिरज म्हणजे आमचं शेजारघर. तिथली सतारमेकर गल्ली तुम्हाला माहीत असेल. पिढ्यान्‌पिढ्या तिथे सतारी आणि तंबोरे घडतात. मिरजेची सतार आणि मिरजेचा तंबोरा यांना २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. गिटारीचं काम त्यांचं नव्हे, पण लाकूड, पॉलिश आणि तार यांची सोयरीक त्यांच्याइतकी कोण जाणणार?

एका वृद्ध कारागिरानं गिटार उलटसुलट करून पाहिली आणि यांना विचारलं, "भोकं पॉलिशनंतर पाडली?" यांनी मान डोलावली. ते म्हणाले, "भोकं आधी. पॉलिश नंतर. तार सर्वांत शेवटी. आणि मधे पाऊस असला, तर माणसानं गप्प बसायचं."

सतारीची जव्हारी, म्हणजे घोडीच्या माथ्याची ती बारीक घासणी, तारा चढल्यावर शेवटी करतात, हे आपण ऐकलेलं असतं. तोच नियम इथेही लागू. हे घरी आले ते थेट मुलाच्या खोलीत गेले. म्हणाले, "चल, खोलू या." त्या दोन शब्दांनी घरातलं मळभ गेलं.

कच्ची शिलाई आधी

आता नेमकं काय करायचं ते सांगते. आपल्या भाषेत सांगायचं तर ब्लाउज शिवण्यासारखं आहे. कापड बेतलं की आपण आधी टाके घालतो, अंगाला लावून बघतो, टाके उसवतो, आणि मग पक्की शिलाई मारतो. गिटारीचे सुटे भागही दोनदा बसवायचे. एकदा पॉलिशच्या आधी, कच्चे; आणि एकदा पॉलिश पूर्ण कडक झाल्यावर, पक्के. आमचं पहिलं बसवणंच झालं नव्हतं. एकदम पक्की शिलाई मारली आणि बाही तिरकी बसली!

पहिल्या फेरीत कोरं लाकूड असतानाच मान खाचेत बसवायची आणि घोडीची जागा मोजायची. मानेच्या वरच्या टोकाला तारा जिच्या खाचांतून जातात ती पट्टी असते. तिथपासून बाराव्या पडद्यापर्यंत जितकं अंतर, तितकंच अंतर तिथून घोडीपर्यंत. आमच्या मानेची मापं अशी: वरच्या पट्टीपासून बारावा पडदा ३२४ मिलिमीटर, म्हणजे पूर्ण तार ६४८ मिलिमीटर, साडेपंचवीस इंच. सर्वांत बारीक तारेचा टेकू त्या मापावर ठेवायचा, आणि जाड तारांच्या टेकूंना दोन-चार मिलिमीटर मागे सरकायला जागा ठेवायची. कारण जाड तार दाबली की तिचा स्वर जास्त चढतो. हे माप चुकलं की वरच्या पट्टीत बेसूर होणारच, वाजवणारा कितीही तयारीचा असो.

मग शिवणाच्या डब्यातला दोरा घ्यायचा. मानेच्या वरच्या टोकाच्या दोन कडेच्या खाचांतून दोन दोरे ताणून घोडीच्या दोन टोकांपर्यंत न्यायचे. मानेच्या दोन्ही कडांपासून दोरे सारख्या अंतरावर दिसले, तर घोडी सरळ. आमची बारीक तार घसरत होती ती इथल्या चुकीमुळे. हा दोन पैशांचा दोरा त्या शनिवारी कुणाला सुचला नाही!

जागा पक्की झाली की सगळी, अगदी सगळी भोकं याच वेळी पाडायची: घोडीची, चाव्यांची, पिकअपची, बटणांची, खांद्याच्या पट्ट्याची. घोडीखालून बटणांच्या पोकळीपर्यंत जाणारं ते लांब, तिरपं भोकसुद्धा आत्ताच. कोऱ्या लाकडाचा टवका उडाला तर भरता येतो, घासता येतो. पॉलिशवर उडालेला टवका मात्र डोळ्यांत खुपतच राहतो. भोक स्क्रूपेक्षा थोडं बारीक हवं. सागवान कठीण, म्हणून स्क्रूच्या आट्यांना मेणबत्तीचं मेण चोळायचं. साबण नको, तो ओल धरतो आणि स्क्रू गंजतो.

मग तारा चढवून वाजवून बघायची. दोन-चार दिवस तशीच ताणलेली ठेवायची. काही खटकलं तर बदलायची हीच वेळ.

आमच्या फळीला आधीची चुकीची भोकं होती. यांनी पलंगाच्या उरलेल्या खुराचे बारीक खुंट तासले, सरस लावून त्या भोकांत ठोकले, दिवसभर वाळू दिले, आणि शेजारी योग्य जागी नवी भोकं पाडली. जुनं, ओलं लॅकर थिनरनं पुसून काढलं. बाप तासतोय, लेक दोरा धरतोय; मी चहा घेऊन गेले तर दोघांनाही माझी दाद नव्हती.

आता सगळं काढा

वाजवून मनासारखं झालं की सगळे भाग पुन्हा सुटे करायचे. मसाल्याचा डबा आला तो इथे! घोडीचे स्क्रू मोहरीच्या वाटीत, चाव्यांचे जिऱ्याच्या वाटीत, मानेचे चार लांब स्क्रू हळदीच्या वाटीत. झाकणाच्या आत कागद चिकटवून कोणत्या वाटीत काय ते लिहिलं. लहानसहान स्क्रू सारखेच दिसतात, पण लांबीत फरक असतो. लांब स्क्रू चुकीच्या भोकात पिळला तर लाकूड चिरतं.

कुणी म्हणेल, "काढायचे कशाला? कागदी पट्टी लावून झाकू, वरून रंग मारू." नको. धातूच्या कडेला लॅकर साचतं आणि पुढे कधी तो भाग काढावा लागला की साल निघाल्यासारखं निघतं. काढून ठेवणं हेच सोपं. झाकायची ती मानेची खाच: तिथे जाड थर बसला तर मान आत शिरत नाही, आणि ठोकून बसवली तर कड फुटते. मान पॉलिश केलेली तयार आणली असेल, तर तिच्या वाटेला जाऊ नये.

मग पॉलिश पेपर. १२० नंबरापासून सुरुवात, मग १८०, २२०, शेवटी ३२०. नेहमी लाकडाच्या रेषांच्या दिशेनं. मधे एकदा ओलसर फडकं फिरवलं की दबलेले तंतू उभे राहतात, ते पुन्हा घासायचे. सागवानाच्या अंगात मुळातच तेल असतं, म्हणून पहिला हात देण्याआधी थिनरनं पुसून घ्यायचं. नाही तर लॅकर धरत नाही.

बायांनो, इथे एक गोष्ट कडक आवाजात सांगायची आहे. थिनर आणि स्पिरिट यांची वाफ झटकन पेट घेते. हे काम स्वयंपाकघरात, गॅसजवळ, देवघरातल्या समईजवळ मुळीच करू देऊ नका. गच्ची, उघडी हवा, तोंडाला योग्य मास्क. आणि कुणी जवसाचं तेल वापरणार असेल, तर तेलाचे बोळे चुरगळून केराच्या डब्यात टाकू नयेत. ते आपोआप तापून पेटतात. पाण्यात भिजवून किंवा उघड्यावर पसरून वाळवून मगच टाकावेत.

वाळलं म्हणजे मुरलं नव्हे

माझी चूक इथली. "बोटाला चिकटत नाही, म्हणजे वाळलं," असं मी म्हटलं. अहो, पापडाचं आपल्याला कळतं की! वरून कोरडा दिसलेला पापड घाईनं डब्यात भरला तर आतल्या ओलीनं बुरशी येते. लॅकरचं तेच. वरची साय वाळते, आतला थिनर मात्र हळूहळू बाहेर पडत राहतो. तो पूर्ण उडाल्याशिवाय थर कडक होत नाही. तोवर त्यावर धातू आवळला की रुततो, कापड गुंडाळलं की वीण उमटते.

थांबायचं किती? साध्या लॅकरला तीन-चार आठवडे धरावेत. दोन डब्यांतली द्रव्यं मिसळून करायचं पीयू पॉलिश लवकर कडक होतं, तरी आठवडाभर तरी द्यावा. चपडा लाखेचं पॉलिश घटकेत वाळतं, पण त्यालाही घट्ट व्हायला आठवडे लागतात. थर जाड तितका वेळ जास्त.

पण कॅलेंडरपेक्षा आपलं नाक खरं! गिटारीजवळ नाक नेऊन वास घ्या. थिनरचा वास येत असेल तर अजून मुरलेलं नाही. दुसरी परीक्षा नखाची: जिथे दिसणार नाही अशा जागी, मानेच्या खाचेच्या कडेला, नख हलकेच दाबा. खूण उमटली तर थांबा.

आणि पाऊस. दमट हवेत लॅकर मारलं की त्यावर पांढुरकी धूसर झाक येते, कारण थिनर झपाट्यानं उडताना पृष्ठभाग गार होतो आणि हवेतला ओलावा त्यावर धरतो. लाखेच्या पॉलिशचंही असंच. म्हणून आषाढ-श्रावणात हे काम नकोच. आम्ही थेट दसऱ्यानंतर लॅकर मारलं. गिटार पेटीत कोंडली नाही, कशाला टेकवली नाही, वरच्या टोकाच्या भोकात तार ओवून टांगून ठेवली. रबर लावलेल्या स्टँडवरसुद्धा नाही. अशा लॅकरला रबर बाधतं आणि डाग पडतो.

दिवाळीत नणंदबाई आल्या. भिंतीला टांगलेली ती चमकती फळी बघून म्हणाल्या, "अरे वा, मग वाजव की!" माझ्याही ओठांवर तेच होतं. पण मी जीभ चावली आणि म्हटलं, "वन्सं, अजून वास येतोय तिला."

चिरंजिवांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ना, ती माझी भाऊबीज!

इंग्लंडमधली एक गिटार

त्या थांबण्याच्या दिवसांत मुलानं मला एक हकीगत सांगितली. १९६३ साली लंडनजवळ फेल्टम इथं ब्रायन मे नावाच्या सोळा वर्षांच्या मुलानं आणि हॅरॉल्ड या त्याच्या वडिलांनी घरीच विजेची गिटार करायला घेतली. विकत आणण्याइतके पैसे नव्हते. मान केली ती जुन्या शेकोटीवरच्या महोगनीच्या लाकडातून. त्यातली किडीची भोकं काडेपेटीच्या काड्यांनी बुजवली. मानेवरच्या खुणांसाठी आईच्या शिवणाच्या डब्यातली शिंपल्याची बटणं, स्वर हलवायच्या दांडीच्या टोकाला आईच्याच विणायच्या सुईचं टोक, आणि आतल्या स्प्रिंगा जुन्या मोटारसायकलच्या. आईचा डबा तिथेही सुटला नाही बघा!

हे काम दोन वर्षं चाललं होतं. पुढे ब्रायन मे 'क्वीन' या जगप्रसिद्ध वाद्यवृंदात ती गिटार वाजवू लागला. त्यांचा गायक फ्रेडी मर्क्युरी हा पारशी घरातला, आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेला. मुलानं खगोलशास्त्राचा अभ्यास सोडून गाण्यात पडावं, हे हॅरॉल्डना मात्र मुळीच रुचलं नव्हतं. ज्यांनी शेजारी बसून गिटार घडवली, तेच रुसले! पुढे तो अबोला मिटला. राहिलेली पीएच.डी. ब्रायन मे यानं २००७ साली पूर्ण केली. आणि त्याआधी, २००२ साली, राणी एलिझाबेथच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवात बकिंगहॅम राजवाड्याच्या गच्चीवर उभं राहून त्यानं तीच घरची गिटार वाजवली.

मला त्यातलं काय भावलं सांगू? ती दोन वर्षं. त्या घरातल्या आईनं "झालं का रे?" असं किती वेळा विचारलं असेल, आणि किती वेळा गिळलं असेल!

पक्की शिलाई

तुळशीचं लग्न झालं आणि वासही गेला. आता दुसरी फेरी. तिचा क्रम असा:

पहिल्यांदा दोन हजार नंबरचा पेपर ओला करून हलक्या हातानं घासायचं आणि मऊ फडक्यानं चकाकी आणायची. हे सगळं सुटे भाग बसवण्याआधी, कारण नंतर घोडीच्या कोपऱ्यात हात पोचत नाही.

मग भोकं. लॅकर आत उतरून ती अरुंद झालेली असतात. आतला थर खरवडून काढायचा. भोकाच्या तोंडाशी जरा जाड ड्रिलचं टोक हातानंच एक-दोनदा फिरवायचं, म्हणजे लॅकरची कड किंचित मागे हटते आणि स्क्रू पिळताना ती उचकटत नाही. काही गिटारींत घोडीचे खुंट ठोकून बसवायचे असतात, तिथे तर हे विसरूच नये.

नंतर वायरी. घोडीखालून बटणांच्या पोकळीत जाणारी अर्थिंगची तार सर्वांत आधी ओवायची. तिचं उघडं टोक घोडीच्या पट्टीखाली दाबलं गेलं पाहिजे, आणि दुसरं टोक बटणाच्या धातूच्या पाठीला सोल्डर झालं पाहिजे. आमची घुंई होती ती ही तार राहिल्यामुळे. तार आत नसेल तर घोडी पुन्हा काढावी लागते, आणि घोडीबरोबर सगळ्या तारा! मग पिकअप, बटणं, जॅक. सोल्डर करताना फळीवर जाड पुठ्ठा ठेवायचा. तापलेल्या शिशाचा एक थेंब महिन्याची मेहनत जाळतो.

झाकणं लावण्याआधी परीक्षा घ्यायची. वायर अ‍ॅम्प्लिफायरला जोडून पिकअपवर स्क्रूड्रायव्हरनं हलकेच टकटक करायची. टक् ऐकू आलं की जोडणी ठीक. अ‍ॅम्प्लिफायर मात्र अर्थिंग असलेल्या तीन पिनांच्या बोर्डालाच लावावा. तारांना हात माणसाचा असतो, विसरू नका.

शेवटी घोडी, मान, चाव्या, आणि सगळ्यांत शेवटी तारा. स्क्रू भोकात ठेवून आधी उलटा फिरवायचा. तो जुन्या आट्यात अलगद बसल्याचं बोटाला कळतं, मग सुलटा पिळायचा. ड्रिलनं नाही, हातानं.

मसाल्याच्या डब्यातल्या वाट्या एकेक करून रिकाम्या झाल्या. एकही स्क्रू उरला नाही, एकही कमी पडला नाही.

त्या संध्याकाळी पाहुणे कुणी नव्हते. भिंतीवर सासूबाईंचा फोटो आणि समोर आम्ही तिघं. चिरंजिवांनी तोच अभंग लावला. घुंई नाही, तार जागची हलली नाही, वरचा स्वर जिथे लागायचा तिथे लागला. संपल्यावर कुणीच बोललं नाही. मग हे चष्मा पुसत म्हणाले, "एकदा परत वाजव रे."

घोडीच्या कडेला नीट पाहिलं तर गडद रंगाचे दोन ठिपके दिसतात. जुन्या भोकांत ठोकलेले ते पलंगाच्या खुराचे खुंट. मुलगा म्हणाला, "रंग देऊन लपवता येतील." मी म्हटलं, "राहू दे. मला आठवण राहील."

तेव्हा मैत्रिणींनो, तुमच्या घरात उद्या असं काही घडत असेल, तर मसाल्याचा जुना डबा आनंदानं द्या, शिवणाचा दोराही द्या. फक्त तारीख देऊ नका.